पाट ओढणे म्हणजे काय

कचेरीतल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही, त्या साठत जातात. चार रिटायर्ड कारकून एका ओट्यावर बसले आणि एकानं एक सांगितली, की दुसऱ्याच्या पोटात दुसरी वळवळायला लागते. माझ्याकडे तर एका शब्दाच्याच इतक्या गोष्टी आहेत, की घरचे म्हणतात, आता पुरे करा! तो शब्द म्हणजे ‘पाट ओढणे’. शब्दकोशात शोधू नका, सापडणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत तो जन्मला आणि तिथंच म्हातारा झाला. तालुक्याचं नाव सांगत नाही. त्या मंडळींची नातवंडं अजून तिकडं आहेत, आणि त्यांच्या लग्नांची आमंत्रणं मला अजून येतात!

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. मोठे हुकूम नागपूरहून निघायचे, बुलढाण्याला मुक्काम करायचे आणि आमच्यापर्यंत येता येता शिळे व्हायचे. मी त्या कचेरीत ‘उमेदवार’ होतो. निवडणुकीचा नव्हे! उमेदवार म्हणजे मॅट्रिक झालेला, फुकट काम करणारा आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट बघत बसलेला माणूस. जागा रिकामी कधी व्हायची? कुणी रिटायर झाला तर, कुणाची बदली झाली तर, नाहीतर कुणी मेला तर. आणि कुणी लांब रजेवर गेला, तर तेवढ्यापुरती टेम्पररी. म्हणजे आमचं सगळं भविष्य दुसऱ्याच्या तब्येतीवर! असं वाट बघत बसणं माणसाला चांगलं करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

*

शब्द जन्मला तो नाझरसाहेबांच्या घरी. नाझरसाहेब म्हणजे कचेरीचा कारभार हाकणारे, तहसीलदारांच्या खालोखाल तेच. त्यांच्या नातवाच्या बारशाला सगळ्या कचेरीला जेवण होतं.

आमच्याकडे पंगतीतसुद्धा हुद्द्याप्रमाणे बसायची रीत. नाझरसाहेबांच्या शेजारचा पाट हेडक्लार्कचा, मग जो तो आपापल्या नोकरीच्या वर्षांप्रमाणे. उमेदवारांनी दुसऱ्या पंगतीला बसायचं. तिसरा पाट नक्कल कारकून वामनरावांचा होता. ते बसले, आणि एकदम त्यांना आठवलं की आपण नव्या कोऱ्या वहाणा अंगणात सोडल्यात. जीव काही राहीना. उठले आणि वहाणा बघायला गेले.

परत येतात तर पाटावर मुकुंदा! मुकुंदा म्हणजे माझ्यासारखाच उमेदवार, पण पाच वर्षं वाट बघून करपलेला. त्याच्या पानात मीठ, लिंबू, वरणभात सगळं वाढून झालेलं. आता वाढलेल्या पानावरून माणसाला उठवायचं नाही, ही आपली शिकवण. वामनराव वहाणा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“मुकुंदा, थो पाट माहा हाये.”

“मले वाटलं, तुमी जेवनार नाई!”

वामनराव आमच्यासोबत दुसऱ्या पंगतीला जेवले. पुढं महिन्याभरानं त्यांनी बहिणीच्या घरच्या कार्यासाठी पंधरा दिवसांची रजा घेतली. त्यांच्या खुर्चीवर टेम्पररी बसला मुकुंदा. पंधरा दिवसांनी वामनराव परत आले, तर हातात हुकूम पडला. त्यांना दुसऱ्या तालुक्याला पाठवलं होतं, आणि मुकुंदा त्याच खुर्चीवर पर्मनंट!

कचेरीचा पट्टेवाला दगडू पंधरा तहसीलदार बघून बसलेला माणूस. तो दाराशी पान लावता लावता म्हणाला, “आंधी पाट ओढला, मंग खुर्ची. मानूस थोच, पंगत दुसरी!”

त्या दिवसापासून आमच्या कचेरीत कुणाची ‘बदली’ झाली असं कुणी म्हणेना. आधी विचारायचे, “बदली झाली, का पाट ओढला?”

*

या शब्दानं एक गोष्ट केली. लोकांनी रजा घेणंच सोडून दिलं! एकाला मांडीवर गळू झालं होतं. खुर्चीवर बसवेना, तर बिचारा आठवडाभर टेबलाशी उभं राहून काम करत होता. खुर्चीवर त्यानं आपली छत्री आडवी ठेवली होती, रिकामी दिसू नये म्हणून.

पण सगळ्यात कडी केली ती आमच्या रेकॉर्ड कीपर भिकाजीनं. त्याचं लग्न ठरलं मोताळ्याला. लग्नाच्या दिवशी सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच भिकाजी हजर! अंगाला हळद, कपाळाला मळवट, बाशिंग पिशवीत. सही करायला वाकला, तर हजेरी रजिस्टरवर पिवळं बोट उमटलं. नेमके तहसीलदार व्हरांड्यातून जात होते.

“हे काय? लग्न कोणाचं आहे?”

“माहंच, साहेब. पन सही आंधी!”

साहेबांनी हसत हसत त्याला हाकलला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला भिकाजी पुन्हा खुर्चीवर. हातात कंकण तसंच.

दगडूनं विचारलं, “काऊन बे भिकाजी, नवरी कुठी हाये?”

“मांगून येऊन राह्यली, वऱ्हाडासंगं. तिले कुठं सही कराची हाये!”

*

आम्हा उमेदवारांची पंचाईत वेगळीच. साधं “तब्येत कशी आहे?” असं कुणाला विचारायची चोरी! विचारलं की समोरचा आपल्याकडे असा बघायचा, जणू आपण त्याचं माप घ्यायला आलोय.

माझे गुरू श्रीपतराव. आवक-जावक कारकून. म्हणजे कचेरीत येणारा आणि कचेरीतून जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या रजिस्टरात नोंदल्याशिवाय हलायचा नाही. पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला कमी. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काम शिकलो. एका थंडीत त्यांना खोकला लागला तो जाईना. मी घरी सहज बोललो, तर आईनं दुसऱ्या दिवशी अडुळशाचा काढा करून तांब्यात दिला. “घेऊन जाय, म्हातारा मानूस हाये.”

मी तांब्या टेबलावर ठेवला. मुकुंदानं मान वर केली. श्रीपतरावांनी तांब्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“आंधी तू पे.”

“मी? मले कुठं खोकला हाये?”

“पे बे, वसंता. तुह्या मायवर माहा भरोसा हाये. तुह्यावर हाये का नाई, थे पाहून राह्यलो.”

सगळ्यांसमोर मी अर्धा तांब्या काढा प्यालो. थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि उरलेला स्वतः घेतला. सगळे पोट धरून हसले, तेही हसले. मीही हसलो, पण मला फार लागलं होतं. कारण खरं सांगतो, त्यांचा खोकला ऐकताना माझ्या मनात कधीच काही आलं नाही, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं.

*

शब्द म्हटला की भांडणं आलीच. कुठं वापरायचा, कुठं नाही? एकदा एक म्हातारे कारकून वारले आणि त्यांच्या जागी टेम्पररी असलेला माणूस कायम झाला. म्हाताऱ्यांचा पुतण्या कचेरीत येऊन ओरडायला लागला, “तुमी काकाचा पाट ओढला!” कचेरीत दोन पक्ष पडले. हेडक्लार्क म्हणाले, ओढला. भिकाजी म्हणाला, मेलेल्याचा कसा ओढणार? शेवटी निवाड्याला दगडूला बोलावलं.

दगडूनं तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि सांगितलं, “उठून गेलेल्या मानसाच्या जागी बसनं, ह्याले नौकरी म्हनते. थो वापस येनार हाये हे ठाऊक असून बसनं, आन् थो आल्यावर नाई उठनं, ह्याले पाट ओढनं म्हनते. मेलेला कुठं वापस येते? त्याचा पाट देवानं ओढला. जा, आपापली कामं करा!”

त्या दिवशी ही व्याख्या मला फार गमतीची वाटली होती. घरी जाऊन आईलासुद्धा सांगितली.

*

पुढच्याच पावसाळ्यात श्रीपतरावांना मुदतीचा ताप आला. शरीर पार खंगलं. डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर कचेरीचं नाव काढायचं नाही. बीबी गावाला त्यांची बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. जाताना कपाटाची किल्ली त्यांनी माझ्याच हातात दिली. नाझरसाहेबांनी तोवर माझं टेम्पररीचं नाव लिहून टाकलं होतं.

“तीन गोष्टी ध्यानात ठेव,” श्रीपतराव म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती. “कागद आला का आंधी नोंद, मंग वाच. नंबर गाळू नको. आन् पाकीट फेकू नको, टाचनीनं कागदाले लावून ठेव. त्याच्यावर पोस्टाचा शिक्का असते. कागद खोटं बोलू शकते, पाकीट नाई बोलत.”

“हाव.”

“जागा गरम ठेव बे. मी येतो.”

मी पहिले आठ दिवस त्यांच्या खुर्चीवर बसलोच नाही. बाजूला स्टूल घेऊन बसायचो. शेवटी नाझरसाहेब ओरडले, “अरे, स्टुलावर बसून सरकारी शिक्के मारतोस? खुर्चीवर बस!” बसलो. खुर्चीची एक बाजू झिजून खोलगट झाली होती. दोन दिवसांत मला तिची सवय झाली. आठवड्यानं वाटायला लागलं, ही आपलीच आहे.

त्यातच चिखलीहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलीचे वडील बाजाराच्या दिवशी मुद्दाम कचेरीत डोकावले, मला खुर्चीवर बसलेला पाहिलं आणि खूष होऊन आमच्या घरी गेले. त्यांचं म्हणणं एकच होतं, “पोरगा पर्मनंट होऊ द्या, मंग सुपारी फोडू.” मुलगी मी लांबून पाहिली होती. मला फार आवडली होती. आता लपवून काय करायचंय?

*

रजा शनिवारी संपत होती. बुधवारच्या टपालात एक पाकीट आलं, त्याच्यावर बीबीचा शिक्का. अक्षर श्रीपतरावांचं, पण थरथरलेलं.

मला न उघडता कळलं. माणूस उठायचा नाही अजून, रजा वाढवून मागतोय. आणि नियम असा, की रजा संपायच्या आत अर्ज आला तर ती वाढायची, जागा शाबूत राहायची. अर्ज आला नाही आणि माणूसही आला नाही, तर जागा रिकामी समजून टेम्पररी माणसाचं नाव बुलढाण्याला जायचं. म्हणजे माझं!

आलेला प्रत्येक कागद ज्या माणसाच्या हातात पडायचा, तो माणूस मीच होतो.

मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. मनाला सांगितलं, आज टपाल फार आहे, उद्या नोंदू. न उघडलेला कागद म्हणजे अजून न आलेला कागद! गुरुवारी दुसरं टपाल आलं, ते मी आधी नोंदलं. ड्रॉवर उघडायला लागू नये म्हणून टाक आणि दौत टेबलावरच ठेवली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत भाकरी तशीच बांधून ठेवली. दगडू पाणी घेऊन आला आणि सहज म्हणाला, “श्रीपतरावाचं काई पत्र-बित्र?” मी म्हटलं, “पाहतो.” नाही म्हणालो नाही. खोटं बोललो नाही, याचंच मला समाधान वाटलं. केवढा शहाणपणा!

शनिवारी कचेरी सुटायला तासभर असताना नाझरसाहेब स्वतः टेबलापाशी आले.

“वसंता, श्रीपतरावांचा कागद?”

माझ्या डोळ्यांसमोर चिखलीचं घर उभं होतं.

“नसेल तर मी तुझं नाव लिहून काढतो. सोमवारी जाईल. अरे, हस की! नोकरी लागतेय तुझी!”

ते वळले. मी ड्रॉवर ओढला, पाकीट फोडलं. आत रीतसर अर्ज, डॉक्टरचं सर्टिफिकेट. आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात श्रीपतरावांनी पट्टी लावून एक चौकट आखून पाठवली होती. चौकटीत लिहिलं होतं ‘आवक क्रमांक’, आणि पुढं कोरं. मला नंबर टाकायला सोपं जावं म्हणून! तापातून उठलेल्या माणसानं!

मी नंबर टाकला. रजिस्टरात नोंद केली, तारीख शनिवारची. दुसरी टाकता येतच नव्हती, मधले नंबर भरून गेले होते. कागदाला पाकीट टाचणीनं लावलं आणि नाझरसाहेबांपुढं ठेवलं.

“साहेब, कागद आहे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग इतका वेळ काय करत होतास?” म्हणाले आणि लिहायला घेतलेला कागद फाडून टाकला.

घरी जाताना मला रडू आलं. चांगलं केलं म्हणून नव्हे. चिखली गेली म्हणून!

*

दीड महिन्यानं श्रीपतराव आले. केस गळून टोपी सैल झाली होती. मी खुर्चीवरून ताडकन उठलो. दगडू दारातून ओरडला, “उठला! वसंता उठला! पाट नाई ओढला!” सगळ्या कचेरीनं टाळ्या वाजवल्या. हेडक्लार्कनी माझी पाठ थोपटली. मुकुंदा तेवढा रजिस्टरात तोंड खुपसून बसला होता. त्या दिवशी माझ्याइतका प्रामाणिक माणूस जिल्ह्यात नव्हता!

श्रीपतराव खुर्चीवर बसले, आणि सवयीप्रमाणे त्यांनी आधी रजिस्टर ओढलं. एकेका ओळीवरून बोट फिरवत आले. एका ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी फाइल काढली. स्वतःचा अर्ज उलटला आणि मागं टाचलेलं पाकीट उजेडाकडे धरलं. आमच्या पोस्टाचा पोचल्याचा शिक्का स्वच्छ उमटला होता, बुधवारचा.

पाकीट लावताना शनिवारी माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे हात आपोआप टाचणीकडे गेला होता.

श्रीपतरावांनी फाइल मिटली.

“पाकीट लावलं,” ते म्हणाले. “चांगलं केलं.”

मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “जावक काढ, टपालाची वेळ होऊन राह्यली.”

*

वर्षभरानं हेडक्लार्क रिटायर झाले, सगळे एकेक पायरी वर सरकले आणि शेवटची खुर्ची मला रीतसर मिळाली. चिखलीचे लोक थांबले होते, हे माझं नशीब. लग्न झालं, आणि मागून घरी सत्यनारायण घातला. सगळ्या कचेरीला जेवण.

मी स्वतः पंगत मांडली. नाझरसाहेबांच्या शेजारचा पाट मी श्रीपतरावांना दिला. हुद्द्यानं तो त्यांचा नव्हता, पण नवे हेडक्लार्क काही बोलले नाहीत. श्रीपतराव बसले. पानं मांडली, मीठ-लिंबू फिरलं. मी तुपाची वाटी घेऊन निघालो होतो. तेवढ्यात श्रीपतरावांना काहीतरी आठवलं. टोपी बहुतेक ओट्यावर राहिली होती. ते उठले. खाली वाकले, पाट उचलला, काखेत मारला आणि चालायला लागले!

सगळी पंगत बघत राहिली. काखेत पाट घेऊन श्रीपतराव ओट्यावर गेले, टोपी घेतली, डोक्यावर घातली, परत आले, पाट खाली ठेवला आणि त्यावर बसले.

दगडू खांबाशी टेकून उभा होता. त्याला राहवलं नाही. “काऊन हो श्रीपतराव? इथी कोन ओढनार हाये तुमचा पाट? हे तं वसंताचं घर हाये!”

“कोनी नाई,” श्रीपतराव पानाकडे बघत म्हणाले. “सवय लागली. बुधवारपासून शनिवारपावतो.”

कुणाला काही कळलं नाही, पण सगळे खदखदून हसले. नाझरसाहेबांना तर ठसका लागला. मी श्रीपतरावांसमोर बसलो आणि भातावर तूप वाढायला लागलो. श्रीपतराव पुरे म्हणाले नाहीत, आणि मलाही हात थांबवायचं सुचलं नाही.